औषधाची वाट : प्रस्तावना

मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून प्यायले, तर ते आतड्यांत फारसे शोषले जात नाही, आपल्याभोवती पाणी धरून ठेवते आणि रेचक म्हणून काम करते. तेच निर्जंतुक द्रावणाच्या रूपात शिरेतून व स्नायूतून दिले, तर गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारे झटके ते आटोक्यात आणते. आणि ग्लिसरिनमध्ये कालवून सुजलेल्या हातावर लावले, तर सूज उतरावी म्हणून केलेला तो एक साधा लेप असतो. पदार्थ एकच, त्याचे रासायनिक सूत्रही एकच, पण तो शरीरात कोठून शिरला यावर त्याचे काम, त्याची मात्रा आणि त्याचा धोका ही तिन्ही ठरतात. औषधशास्त्रात या प्रवेशाच्या वाटेला औषधप्रदानाचा मार्ग म्हणतात. हा मार्ग म्हणजे औषध ठरल्यानंतर पाहायची किरकोळ सोय नसून तो औषधाच्या ओळखीचाच भाग आहे, ही धारणा प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे. औषधाचे नाव आणि मात्रा लिहून मार्ग न लिहिणारी चिठ्ठी अपुरी मानली पाहिजे, कारण अशी चिठ्ठी वाचणाऱ्या परिचारिकेला किंवा घरच्या माणसाला उरलेला भाग अंदाजाने भरावा लागतो.

मार्गांची विभागणी प्रथम हेतूनुसार होते. जेथे लावले तेथेच ज्याने काम करावे अशी अपेक्षा असते तो उपचार स्थानिक, आणि रक्तात मिसळून ज्याने दूरच्या अवयवांपर्यंत पोहोचावे तो सर्वदेहीय. दुसरी विभागणी पचनमार्गाच्या संदर्भात केली जाते : तोंड, नळी किंवा गुदद्वार यांतून पचनमार्गात औषध सोडले तर तो आंत्रमार्ग, आणि पचनमार्ग वगळून सुईने किंवा अन्य रीतीने दिले तर तो आंत्रेतर मार्ग, ज्याला रुग्णालयात सर्रास पॅरेंटरल म्हटले जाते. या दोन विभागण्या एकमेकींना छेदून जातात, हे नवख्या विद्यार्थ्याच्या सहसा लक्षात येत नाही. व्हँकोमायसिन हे प्रतिजैविक गिळले तर आतड्यांतून रक्तात जवळजवळ जात नाही. म्हणून मोठ्या आतड्यातील एका विशिष्ट जंतूच्या संसर्गावर ते तोंडाने देतात, तर रक्तातील किंवा हाडातील संसर्गासाठी शिरेतूनच द्यावे लागते. पहिल्या प्रसंगी तोंडाने दिलेले औषधही परिणामाने स्थानिकच असते.

सर्वांत जुना, स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरला जाणारा मार्ग तोंडाचा असला, तरी शरीराच्या दृष्टीने तो सर्वांत गुंतागुंतीचा आहे. गिळलेली गोळी जठरात फुटते, तेथील आम्लाला तोंड देते आणि मग लहान आतड्यात उतरते. बहुतेक औषधांचे शोषण येथेच होते, कारण आतड्याच्या आतील सूक्ष्म घड्यांमुळे आणि केसांसारख्या उंचवट्यांमुळे शोषणाचे क्षेत्र प्रचंड वाढलेले असते. पण आतड्यातून रक्तात आलेले औषध थेट हृदयाकडे जात नाही. पोटातील शिरांचे रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जाते, आणि परक्या पदार्थांचे विघटन हे यकृताचे नित्याचे काम असल्यामुळे औषधाचा काही भाग तेथेच निकामी होतो. या घटनेला प्रथम-पारण चयापचय म्हणतात, आणि दिलेल्या मात्रेपैकी जितका अंश कार्यक्षम रूपात सर्वसाधारण रक्ताभिसरणात पोहोचतो त्या प्रमाणाला जैवउपलब्धता. शिरेतून दिलेल्या औषधाची जैवउपलब्धता व्याख्येनेच शंभर टक्के असते; तोंडाने घेतलेल्या मॉर्फिनची ती साधारण एक तृतीयांशाच्या आसपास भरते. कर्करोगाच्या रुग्णाला इंजेक्शनवरून गोळ्यांवर आणताना मॉर्फिनची मात्रा वाढवलेली दिसते, तेव्हा नातेवाईक धास्तावतात. वाढलेला आकडा यकृतात होणाऱ्या घटीची भरपाई करणारा असतो, हे त्यांना समजावून सांगितले तर ती धास्ती राहत नाही.

काही औषधांची यकृतात इतकी हानी होते की ती गिळण्यात फारसा अर्थ उरत नाही. नायट्रोग्लिसरिन हे त्याचे ठळक उदाहरण होय. विल्यम मरेल या ब्रिटिश डॉक्टरने १८७९ मध्ये हृदयशूळावर या पदार्थाचा उपयोग प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर जिभेखालची गोळी हृदयरुग्णाच्या खिशात कायमची आली. जिभेखालील श्लेष्मल त्वचा पातळ असून तिच्यात रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते, आणि तेथील रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे परतते. म्हणून औषधाचा परिणाम मिनिटा-दोन मिनिटांत जाणवू लागतो. महाराष्ट्रात घरोघरी सॉर्बिट्रेट या नावाने ओळखली जाणारी गोळी याच जातीच्या औषधाची आहे. ती चघळून पाण्याबरोबर गिळणे म्हणजे ज्या वाटेने तिने जायला नको त्याच वाटेने तिला पाठवणे होय. ती घेताना रुग्णाने बसून राहावे असे सांगितले जाते, कारण रक्तवाहिन्या सैलावल्यामुळे रक्तदाब एकदम उतरून उभा माणूस कोसळू शकतो.

गोळीचे बाह्य रूप म्हणजे केवळ वेष्टन अशी समजूत सर्वत्र आढळते आणि तिच्यामुळे होणारे नुकसानही मोठे आहे. काही गोळ्यांवर जठरातील आम्लात न विरघळणारे आवरण असते, मग ते औषध आम्लात नष्ट होऊ नये म्हणून असो वा जठराच्या अस्तराला इजा होऊ नये म्हणून. दुसऱ्या काही गोळ्या बारा किंवा चोवीस तास थोडेथोडे औषध सोडत राहतील अशा बेताने घडवलेल्या असतात. पक्षाघात झालेल्या रुग्णाला नाकातून घातलेल्या रायल्स ट्यूबमधून अन्न दिले जाते, तेव्हा घरची मंडळी सगळ्या गोळ्या खलबत्त्यात एकत्र कुटून, पाण्यात कालवून नळीत सोडतात. अशा वेळी दीर्घकाळ चालणारी गोळी कुटली गेली, तर दिवसभराची मात्रा एकाच वेळी रक्तात उतरते; रक्तदाबाच्या किंवा वेदनाशामक अफूजन्य औषधाच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकते. कोणती गोळी कुटता येते आणि कोणती नाही, हा प्रश्न घरी नेण्याच्या चिठ्ठीवर ठळकपणे उत्तरला गेला पाहिजे, आणि तो बहुतेकदा उत्तरला जात नाही. औषध उपाशीपोटी घ्यायचे की जेवणानंतर, हाही मार्गाचाच उपप्रश्न आहे : थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी नीट शोषली जाते, टेट्रासायक्लिन दुधातील कॅल्शियमशी बांधले जाऊन वाया जाते, आणि हाडांच्या ठिसूळपणावरची अलेंड्रोनेट ही गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नसते, कारण ती अन्ननलिकेत रेंगाळली तर तेथे जखम करते. आयुर्वेदाने औषधासोबत काय घ्यावे याला अनुपान आणि केव्हा घ्यावे याला औषधकाल अशी स्वतंत्र नावे देऊन त्यांचा विचार केला होता. त्या परंपरेत नाकातून दिले जाणारे नस्य, गुदमार्गाने दिली जाणारी बस्ती, डोळ्यांतील अंजन, कानातील कर्णपूरण हे मार्गही विधीसह वर्णिलेले आहेत; म्हणजे वाटेचा विचार या भूमीला नवा नाही, नवा आहे तो रक्ताभिसरणाच्या आधारे केलेला त्याचा खुलासा.

गुदमार्गाविषयी संकोच असल्यामुळे तो आपल्याकडे कमी वापरला जातो. गुदाशयाच्या खालच्या भागातील शिरांचे रक्त यकृताकडे न जाता थेट मोठ्या शिरेत मिळते, त्यामुळे तेथे ठेवलेल्या औषधाचा बराच भाग पहिल्या फेरीतील नाशापासून वाचतो. उलट्या करणाऱ्या तान्ह्या मुलाला पॅरासिटामॉलची सपॉझिटरी, म्हणजे शरीराच्या उष्णतेने वितळणारी गुदवर्ती, आणि आकडी आलेल्या मुलाला गुदमार्गाने डायझेपाम हे उपाय शीर सापडण्याची वाट न पाहता करता येतात.

सुईचा इतिहास तुलनेने अलीकडचा आहे. क्रिस्टोफर रेन याने १६५६ मध्ये ऑक्सफर्ड येथे पक्ष्याच्या पिसाची पोकळ काडी आणि प्राण्याचे मूत्राशय वापरून कुत्र्याच्या शिरेत अफूचे द्रावण सोडले होते, पण पोकळ सुई उपचारात यायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले. डब्लिनच्या फ्रान्सिस रिंड यांनी १८४४ मध्ये पोकळ सुईसारख्या साधनाने मज्जातंतूच्या वेदनेवर औषध त्वचेखाली सोडले. १८५३ च्या सुमारास एडिंबरोत अलेक्झांडर वुड आणि फ्रान्समध्ये चार्ल्स प्रावाझ यांनी पिचकारी आणि सुई यांची जोडी स्वतंत्रपणे वापरात आणली. वुड यांची समजूत होती की दुखऱ्या जागी टोचलेले मॉर्फिन त्या जागेवरच काम करते. लंडनच्या चार्ल्स हंटर यांनी दूरच्या जागी टोचूनही वेदना शमते हे दाखवून दिले. आंत्रेतर औषधोपचाराचा पाया या निरीक्षणात आहे : त्वचेखाली सोडलेले औषध रक्तात जाते आणि सर्व शरीरभर पसरते.

जे औषधाला लागू आहे ते औषधाबरोबर शिरणाऱ्या जंतूलाही लागू आहे. मुंबईत प्लेग पसरला असता वाल्देमार हाफकिन यांनी येथेच लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी या लसीच्या एकाच बाटलीतून टोचलेल्यांपैकी १९ माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांच्यावर ठपका ठेवला गेला; बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे मान्य होऊन त्यांची निर्दोष सुटका होण्यास १९०७ उजाडले, आणि परळ येथील त्यांच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये मिळाले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्वत्र असतात आणि पोटात गेले तरी सहसा अपाय करत नाहीत; तेच सुईच्या टोकावरून मांसात शिरले की मारक ठरतात. त्वचा, आम्ल, पाचकरस आणि यकृत हे चार पहारे सुई एकाच क्षणात ओलांडते. तिची शक्ती आणि तिचा धोका दोन्ही यातूनच येतात. एकदाच वापरायची सुई, पॅकिंग फोडण्याची रीत, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावण्याचा दंडक हे नियम कंटाळवाणे वाटले तरी त्यांच्यामागे अशा मृत्यूंचा अनुभव आहे.

सुई किती खोल जाते यावरून आंत्रेतर मार्गांची नावे पडतात. त्वचेच्या थरांतच औषध राहिले तर अंतस्त्वचीय, त्वचेखालच्या चरबीत गेले तर अधस्त्वचीय, त्याही खाली स्नायूत गेले तर स्नायूंतर्गत आणि शिरेत गेले तर शिरांतर्गत मार्ग. कोणत्याही लसीकरण सत्रात यांतील बहुतेक मार्ग शेजारीशेजारी दिसतात. सहा आठवड्यांच्या बाळाला पोलिओचे दोन थेंब आणि रोटाव्हायरसची लस तोंडाने, पेंटाव्हॅलंट लस डाव्या मांडीच्या स्नायूत ०.५ मिलि आणि पोलिओची टोचायची लस उजव्या दंडाच्या त्वचेत अवघी ०.१ मिलि दिली जाते. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची लस उजव्या दंडाला त्वचेखाली. यामागे प्रत्येक ठिकाणी कारण आहे. पेंटाव्हॅलंटमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते उथळ जागी राहिले तर गाठ धरते, म्हणून ती स्नायूत खोल जाते. त्वचेत मात्र रोगप्रतिकाराच्या पेशी दाटीने असतात, म्हणून तेथे पोलिओच्या लसीची पंचमांश मात्रा दिली जाते. नवजात बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी देताना परिचारिका त्वचा ताणून धरते, सुईचे तिरके तोंड वर ठेवून ती जवळजवळ आडवी आत सरकवते आणि ०.०५ मिलि द्रव सोडते. त्या जागी संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, पांढुरका फुगवटा आला तर लस बरोबर थरात पोहोचली. फुगवटा न येता द्रव सहज आत गेला, तर सुई खोल गेली आहे हे अनुभवी हाताला बोटांतच कळते.

खोलीच्या या फरकाने श्वानदंशाच्या उपचाराचे रूप पालटले आहे. डेव्हिड सेम्पल यांनी कसौली येथे १९११ मध्ये तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस भारतात अनेक दशके वापरात होती; ती रोज पोटाच्या त्वचेखाली टोचली जाई, आणि ‘पोटातली चौदा इंजेक्शने’ हा शब्दप्रयोग मराठी घरांत भीती दाखवण्यासाठी रूढ झाला. त्या लसीमुळे क्वचित पक्षाघातासारखे दुष्परिणामही होत. भारतात तिचा वापर २००४ च्या अखेरीस थांबला. पेशीसंवर्धनातून बनणाऱ्या आजच्या लसी पोटात नव्हे तर दंडावर, लहान मुलांना मांडीवर दिल्या जातात. कमरेवर मात्र देत नाहीत, कारण तेथील चरबीत लसीचा परिणाम उणावतो. २००६ मध्ये अंतस्त्वचीय पद्धतीला मान्यता मिळाल्यावर प्रत्येक भेटीत दोन जागी ०.१ मिलि, म्हणजे शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस या दिवसांच्या चार भेटी मिळून ०.८ मिलि लस पुरते. स्नायूंतर्गत पद्धतीत पाच कुप्या लागतात. सरकारी रुग्णालयात लसीचा तुटवडा असताना हा फरक किती माणसांना पुरेल याचा असतो. खोल जखमेच्या बाबतीत इम्युनोग्लोब्युलिन हे तयार प्रतिद्रव्य जखमेतच आणि तिच्या कडांभोवती भरावे लागते, कारण विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी त्याला तेथेच गाठायचे असते. जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुणे हा याच उपचाराचा पहिला भाग होय, आणि हळद-चुना भरून आलेल्या जखमा पाहिल्या की त्याबद्दल किती लिहिले तरी थोडेच आहे असे वाटते.

स्नायूंतर्गत मार्ग साठ्यासाठी उपयोगी पडतो. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी दिले जाते. स्नायूत साठलेले ते औषध हळूहळू विरघळत राहते, म्हणून रोजची गोळी चुकण्याचा धोका टळतो. हेच औषध चुकून शिरेत गेले तर हृदय बंद पडू शकते. कमरेवर सुई देताना कुल्ल्याचा वरचा बाहेरचा चतुर्थांश निवडतात, कारण आतल्या बाजूने पायाकडे जाणारा जाड सायटिक मज्जातंतू असतो. तेथे सुई लागून पाऊल लुळे पडलेली मुले पाहणाऱ्याला ही सूचना पुस्तकी वाटत नाही.

शिरांतर्गत मार्गाविषयी लोकांच्या मनात जितका विश्वास आहे तितका अन्य कोणत्याही मार्गाविषयी नाही. अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावा’ ही मागणी गावोगावच्या दवाखान्यात होते. पण पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलि बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे जेमतेम एका चपातीइतके उष्मांक असतात. शिरेतला द्रव जीव वाचवतो, हे खरेच आहे : पटकीच्या रुग्णांना क्षारजल शिरेतून देऊन थॉमस लाटा यांनी १८३२ मध्ये स्कॉटलंडमध्ये ते दाखवले. परंतु याच रोगात तोंडाचा मार्ग किती समर्थ आहे हे १९७१ मध्ये पश्चिम बंगालच्या बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत दिसले. शिरेतून द्यायचा द्रव संपत आला असता डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर आणि क्षार यांचे पाणी नातेवाइकांच्या हाती देऊन रुग्णांना पाजवले, आणि छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या खाली आले. पटकीने आतड्यातून पाणी वाहत असतानाही सोडियम आणि ग्लुकोज एकत्र शोषून घेणारी यंत्रणा शाबूत राहते आणि पाणी त्यांच्यामागे ओढले जाते. आज एक लिटर पाण्यात विरघळवायच्या ओआरएसच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असते ते याच हिशेबाने. घरी अंदाजाने थोडी पुडी थोड्या पाण्यात कालवली की हे प्रमाण बिघडते.

श्वसनमार्गाबद्दलचा गैरसमज उलट दिशेचा आहे : ‘पंपाची सवय लागते’ म्हणून दम्याचे रुग्ण गोळीवर राहू पाहतात. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ते थेट श्वासनलिकांवर पडते. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतके औषध सगळ्या शरीरातून फिरवून आणणे, ज्यात हात थरथरणे आणि छातीत धडधडणे ओघाने येते. त्वचेवर चिकटवायच्या पट्टीतून औषध तासन्‌तास झिरपत राहते, आणि डोळ्यांतले थेंब अश्रुनलिकेतून नाकात उतरून रक्तात जाऊ शकतात, म्हणून थेंब घातल्यावर डोळ्याचा आतला कोपरा दाबून धरायला सांगतात.

मार्गाची चूक मात्रेच्या चुकीहून भयंकर ठरते, हे पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात औषध सोडण्याच्या, म्हणजे इंट्राथिकल मार्गाच्या बाबतीत सर्वाधिक दिसते. रक्ताच्या कर्करोगात मेथोट्रेक्सेट या मार्गाने देतात आणि व्हिंक्रिस्टिन फक्त शिरेतून. दोन्ही पिचकाऱ्या एकाच दिवशी एकाच ट्रेमध्ये आल्या आणि व्हिंक्रिस्टिन कण्यात गेले, तर रुग्ण बहुधा वाचत नाही. अशा मृत्यूंनंतर व्हिंक्रिस्टिन पिचकारीत भरूच नये, लहान पिशवीत पातळ करून शिरेतून सोडावे, अशी पद्धत सुचवली गेली, कारण पिशवी कण्याच्या सुईला जोडावी असे कोणाच्या मनातही येत नाही. भारतात इन्सुलिनच्या बाबतीत असाच सावधपणा हवा : कुपीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असते, पेनमधील १०० युनिट, ४० ची पिचकारी लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. शंभर युनिटांच्या पिचकारीने ४० ची कुपी मोजली तर मात्रा अडीचपट कमी पडते, आणि उलट केले तर अडीचपट जास्त होऊन साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. हाताने घाईत लिहिलेला युनिटसाठीचा इंग्रजी ‘यू’ शून्यासारखा दिसून १० चे १०० होतात, म्हणून तो शब्द पूर्ण लिहावा असा संकेत आहे. आयव्ही, आयएम, एससी, आयडी, एसएल ही मार्गांची, तसेच ओडी, बीडी, टीडीएस, एचएस, एसओएस ही वेळांची संक्षिप्त रूपे चिठ्ठीवर वावरत राहणारच. पण घाईच्या हस्ताक्षरात ‘एससी’ आणि ‘एसएल’ ही इंग्रजी अक्षरे एकमेकांसारखी दिसू शकतात. पुढील प्रकरणांत प्रत्येक संक्षेप प्रथम पूर्ण रूपात, त्याच्या मार्गासह, सुईच्या कोनासह आणि ज्या औषधांना तो मार्ग वर्ज्य आहे त्यांच्या नावांसह दिला आहे.